देव आधी गेले

आमच्या घरातले देव आधी शिफ्ट झाले आणि माणसं मागे राहिली. हे ऐकून लोक हसतात. मीही हसले असते. पण तेव्हा मी लालबागच्या चाळीत, मजल्यावरच्या सामाईक संडासापुढे बादली धरून उभी असायचे आणि पुढच्या माणसाला खोकला आला की मागची सगळी रांग दोन पावलं मागे सरकायची.

नीट सांगते. म्हणजे मला जेवढं नीट कळलं तेवढं.

आम्ही घरात चौघं. मी मेघना, फोर्टातल्या एका ऑफिसात हिशेब बघते. नवरा दौलत लोअर परळच्या छापखान्यात. मुलगी मनू, नववीतली. आणि सासूबाई दुर्गा, मूळ कुडाळच्या बाजूच्या, लग्न होऊन लालबागला आल्या त्या आलेल्याच. खोली दहा बाय बाराची. बायका नवऱ्याकडे काय काय मागतात. मी लग्न झाल्यापासून एकच मागत होते, घरातल्या घरात संडास-बाथरूम. आतून कडी लावावी आणि बाहेरून कुणी ‘झालं का?’ म्हणून दार वाजवू नये, एवढंच माझं स्वप्न. त्याला कोणी स्वप्न म्हणायलाही तयार नव्हतं.

शेवटी परळ भोईवाड्यात एका जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट मिळाला. हॉल, आतली खोली, किचन आणि माझी कडी. मालक रमाकांत कर्णिक, विमा कंपनीतून रिटायर झालेले, बायको वारलेली. एकुलती एक मुलगी सलोनी इंदूरला. घर विकून तिच्याकडे कायमचं जायचं त्यांचं ठरलं होतं. बोलणी झाली, कर्ज मंजूर झालं, रजिस्ट्रेशनची तारीख पाडव्यानंतरच्या शुक्रवारची मिळाली. दोन हजार वीस सालचा पाडवा. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, फक्त आम्हाला तेव्हा नव्हतं.

सासूबाई अडून बसल्या. पाडव्याची गुढी नव्या घरात उभारायची, आणि गुढी उभारायची तर देव आधी तिथे बसलेले हवेत.

“आई, रजिस्ट्रेशन नाय झालंय अजून,” दौलत म्हणाला. “घर त्यांच्याच नावावर आहे.”

“देवांका कागद कित्याक व्हयो?” सासूबाई म्हणाल्या.

दौलतने माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे उत्तर होतं, पण मला वाटलं कर्णिककाकाच नाही म्हणतील, उगीच मी का वाईट होऊ. तर ते हो म्हणाले! “ठेवा की. हिच्यामागे आमचा देव्हारा रिकामाच आहे. मी काही मानत नाही, त्यामुळे माझ्याकडून पूजाबिजा होणार नाही. पण जागा आहे.”

मग शनिवारी सकाळी आम्ही टॅक्सीने देव नेले. गणपती, बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि गावच्या देवळातून आणलेला नारळ. सासूबाईंनी त्यांना देव्हाऱ्यात बसवलं आणि गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे कुठलंही काम देवाला मोठ्याने सांगून, त्याला साक्षीला ठेवून करतात, ते गाऱ्हाणं. एकजण सांगतो, बाकीचे ‘होय म्हाराजा’ म्हणतात. हे काम घरातल्या कर्त्या पुरुषाचं. सासरे होते तोवर तेच घालायचे. दौलतला तिसऱ्या वाक्याला हसू येतं, म्हणून त्या दिवशी सासूबाईंनी स्वतःच सुरुवात केली.

“बा देवा म्हाराजा, आज तुका ह्या नव्या जाग्यार आणून बसयलंव. तो तू गोड मानून घे. तुझी लेकरां चार दिवसांत हयच येतली. आमी येयसर हयसून कोणाक हलाक देव नको म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” आम्ही तिघंही ओरडलो. कर्णिककाका किचनच्या दारात हाताची घडी घालून बघत होते. खालच्या मजल्यावरचं कोणीतरी काय झालं म्हणून जिन्यात डोकावून गेलं.

दुसऱ्या दिवशी कर्फ्यू. मंगळवारी संध्याकाळी टीव्हीवर घोषणा झाली, जो जिथे आहे त्याने तिथेच राहायचं, घराचा उंबरा ओलांडायचा नाही. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ताट खाली ठेवलं.

“मेघना, ह्या माझ्याच तोंडातसून गेला गो.”

“काय गेलं?”

“कोणाक हलाक देव नको. मी सांगलंय तसा. देवान तसाच ऐकल्यान.”

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी फिस्सकन हसले. त्या हसल्या नाहीत. त्यांचं म्हणणं, गाऱ्हाण्यात सगळं नावानिशी सांगायचं असतं. कोणाला, कुठे, कशासाठी. सासरे तर शेजारच्या बांधापर्यंत सांगायचे. ह्यांना म्हणायचं होतं, आम्ही येईपर्यंत देवांना इथून हलू देऊ नको, आणि ह्या नुसतं ‘कोणाक’, म्हणजे कोणालाच, म्हणून गेल्या. मोघम बोलल्या. आता अख्खी मुंबई जागच्या जागी बसली ती ह्यांच्या मोघम बोलण्यामुळे.

“आई, हे जगभर चाललंय,” दौलत म्हणाला.

“देव काय फक्त भोयवाड्यात आसा?” त्या म्हणाल्या.

मी बी.कॉम. झालेली बाई. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण तुम्ही दहा बाय बाराच्या खोलीत चौघं बसा, बाहेर ॲम्ब्युलन्स ऐका, एका कानाला ऑफिसचा फोन आणि दुसऱ्या कानाला सासूचं ‘माझ्यामुळेच गो’ लावून घ्या, आणि मग मला सांगा तुमचं काय होतं ते. एप्रिल संपेपर्यंत मीच एक दिवस म्हटलं, “मग सोडवा ना ते! दुसरं गाऱ्हाणं घाला.”

“हयसून कसा? ज्या देवाफुडे सांगलंय, थयच सांगूक व्हया.”

आणि थय कोण होतं? कर्णिककाका. भोईवाडा काही लांब नाही, चालत गेलं तर आमटीला उकळी येईपर्यंत पोचता येतं. पण नाक्यावर पोलीस, आणि त्यांच्या सोसायटीने गेटला कुलूप घातलेलं. त्यात आमच्या खालच्या मजल्यावर पेशंट निघाला आणि महानगरपालिकेने आमच्याही जिन्याला बांबू ठोकले.

सासूबाई रोज सकाळी काकांना फोन करायच्या. आधी फक्त दिवा लावायची विनंती झाली. मग दिव्याबरोबर फूल आलं. मग नैवेद्य. काका कुरकुरायचे, “मी मानत नाही हं दुर्गाबाई, पण घेतलेलं काम अर्धवट करायची सवय नाही मला.” पंधरवड्यात तेच फोन करून विचारायला लागले, “अन्नपूर्णेच्या खालचे तांदूळ बदलायचे कधी?” सासूबाईंनी सांगितलेला नैवेद्य करायचा म्हणून ते भाजी चिरायला शिकले. आधी नुसत्या खिचडीवर होते.

माझा मात्र गोंधळ वाढत गेला. काका म्हणायचे, “तुमच्या किचनचा नळ गळतोय.” सासूबाई म्हणायच्या, “तुमच्या नळाक जरा सुतळी बांधून ठेवा.” एकदा मनूने विचारलं, “मम्मी, फॉर्मवर आपला पत्ता कुठला लिहू?” मी पेन हातात घेऊन बसून राहिले. देव जिथे तिथे आपलं घर म्हणावं, तर तिथे एक परका माणूस आमच्या गणपतीला आंघोळ घालत होता. आणि इथे सासूबाई तिन्हीसांजेला रिकाम्या कोनाड्यापुढे दिवा लावत होत्या.

गाऱ्हाण्याचं विचारलं तेव्हा काकांनी साफ नकार दिला. “पूजा म्हणजे साफसफाई आहे, ती करीन. पण मनात नसलेलं बोलणं मला जमणार नाही.” सासूबाईंनी हट्ट सोडला नाही. मग गाऱ्हाण्याला फोडायला नारळ मिळत नाही म्हणाले. भाजीवाल्याने नारळ पोचवला. मग घसा बसला. मग सोमवारी बघू. सोमवार येत होते आणि जात होते.

मे संपत आला, रजिस्ट्रेशनची ऑफिसं उघडणार असं कानावर आलं. मी उड्या मारत काकांना फोन केला. तर पलीकडून थंड आवाज, “बघू. एवढी घाई काय आहे?”

मी फोन ठेवला. “दौलत, ह्यांना दुसरं गिऱ्हाईक मिळालंय.”

“साधा माणूस आहे गं तो.”

“साधा? साध्या माणसाला एक नारळ फोडायला महिना लागतो?”

दौलतने टीव्हीचा आवाज वाढवला. तो असं करतो तेव्हा मला आणखी राग येतो.

त्याच आठवड्यात आमच्या मजल्यावरच्या अंबिकाकाकू पॉझिटिव्ह निघाल्या, त्यांना घेऊन गेले. आमचा संडास बंद केला, खालचा वापरा म्हणाले. खालच्याला आधीच दोन मजल्यांची रांग. मला आधी कळलं नाही, पण मनूने पाणी प्यायचंच सोडलं होतं. जावं लागू नये म्हणून. रणरणत्या मे महिन्यात माझी पोर दिवसभर सुक्या ओठांनी बसायची, आणि मला विचारलं की म्हणायची, “तहान नाहीये.” मग तिला ताप भरला, लघवीला जळजळ, पोटात कळा. डॉक्टरांनी फोनवरच गोळ्या सांगितल्या आणि म्हणाले, पाणी भरपूर द्या. तिने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे तोंड करून रडले.

जूनमध्ये बांबू निघाले त्या सकाळी मी तोंडाला मास्क बांधला आणि कुणाला न सांगता चालत भोईवाड्यात गेले. ठरवूनच गेले होते. तारीख द्या, नाहीतर आमचे देव परत द्या.

काकांनी दार उघडलं. घर लखलखीत होतं. देव्हाऱ्यात ताजी तगर, समईची वात नीट पुढे केलेली, आणि गणपतीसमोर भाजीवाल्याचा तो नारळ, न फोडलेला. तो बघून माझं डोकं फिरलं.

“काका, मी देव न्यायला आलेय. व्यवहार मोडला समजा. पण तुम्ही सरळ सांगायला हवं होतं. माझी मुलगी आजारी पडली तिकडे.”

मी मनूचं सगळं सांगितलं. परक्या पुरुषाला सांगू नये तेही सांगितलं. ते खुर्चीत बसले, मान खाली घालून. खुर्चीमागे भिंतीशी दोन बॅगा भरून ठेवलेल्या होत्या.

“त्या मार्चपासून भरलेल्या आहेत,” ते म्हणाले. “सलोनी आधी म्हणाली, गाड्या सुरू झाल्या की या. मग म्हणाली, पावसाळा संपू दे. मागच्या आठवड्यात म्हणाली, बाबा, खरं सांगू का, आमच्याकडे आता सगळ्यांना जरा नकोच वाटतंय. मी विचारलं, आता म्हणजे कधीपर्यंत? तर म्हणाली, तुम्ही तिथेच काहीतरी बघा ना.”

मी उभीच होते.

“दुसरं गिऱ्हाईक वगैरे काही नाही. मी देव मानत नाही, मेघना. पण रोज ते फूल वाहताना वाटायचं, हे गाऱ्हाणं मी घातलं आणि खरंच सगळं सुटलं, तर मी जाऊ कुठे? हास्यास्पद आहे, मला कळतंय. पण तोंडातून शब्दच निघेना.”

आता ह्यावर काय बोलायचं? देव न मानणारा माणूस देवापुढे बोलायला घाबरत होता, आणि देव न मानणारी मी त्याने बोलावं म्हणून भांडायला आले होते. मला त्यांची फार कीव आली. आणि खोटं कशाला बोलू, त्याच वेळी त्यांच्या खांद्यावरून मला बाथरूमचं उघडं दार दिसत होतं. पांढऱ्या टाइल्स, भरलेली बादली, आतली कडी.

“मी जरा जाऊन येऊ?” मी विचारलं.

आत जाऊन मी कडी लावली. कोणी दार वाजवलं नाही. मी किती तरी वेळ बसून राहिले आणि मला काही म्हणजे काही सुचलं नाही. मनूला हे पाहिजे. मला हे पाहिजे. ह्या माणसाने कुठे जावं?

बाहेर आले तर काकांनी फोन लावून स्पीकरवर ठेवला होता. “दुर्गाबाई, मी नारळ घेऊन उभा आहे. काय म्हणायचं ते सांगा. मी शब्द दिलाय, सहीसुद्धा करीन.”

सासूबाईंनी आधीच बजावलं. “मागच्या खेपेसारखा मोघम नको हां. नावां सांगा, नावां.”

त्या एकेक वाक्य सांगत होत्या, काका आपल्या शुद्ध बोलीत ते पुन्हा म्हणत होते. बा देवा महाराजा, अजाणतेपणी जे बोलणं झालं ते पदरात घे. दौलतची वाट मोकळी कर. मेघनाची मोकळी कर. मनूची कर, दुर्गाची कर. दर वेळी ‘होय म्हाराजा’ म्हणायला मी एकटीच होते. माझा आवाज त्या हॉलमध्ये फारच केविलवाणा वाटत होता.

“आता तुमचा,” सासूबाई म्हणाल्या. “तुमका खय जावचा आसा?”

कुठे जायचं? काकांनी बॅगांकडे बघितलं. फोनमधून आमच्या चाळीतला कुकर ऐकू येत होता.

“माझं मोघमच राहू द्या, दुर्गाबाई,” ते म्हणाले, आणि त्यांनी नारळ फोडला.

घरी येऊन मी सलोनीचं कोणालाच काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दौलत म्हणाला असता, मग थांबूया थोडं. मला थांबायचं नव्हतं. रात्री उठून मनूच्या कपाळाला हात लावायचे तेव्हा मला वाटायचं मी बरोबर केलं. सकाळी सासूबाई आनंदाने भांडी बांधताना दिसल्या की वाटायचं, मी हे काय केलं?

जूनच्या शेवटी तारीख मिळाली. रजिस्ट्रेशनच्या ऑफिसात फोटोसाठी सगळ्यांनी मास्क खाली केले. अंगठे लावले. साहेबांनी काकांना विचारलं, “राजीखुशीने विकताय ना?” काका हो म्हणाले, ताबडतोब, शाळेतल्या मुलासारखं मोठ्याने. आमची एवढ्या वर्षांची धावपळ चहा पिण्याइतक्या वेळात आटोपली.

फुटपाथवर आल्यावर त्यांनी चावी माझ्या हातात दिली. दौलतच्या नाही, माझ्या. दोन्ही बॅगा त्यांनी बरोबरच आणल्या होत्या. “फर्निचर वापरा, मला ते नेऊन काय करायचंय. दादरला एक मित्र आहे माझा, त्याच्याकडे जातो.”

एका टॅक्सीत तेव्हा दोघांनाच बसू देत होते. दौलत आणि सासूबाई मनूला आणायला लालबागला गेले. मी काकांना म्हटलं, मी तुम्हाला दादरला सोडून पुढे जाते.

“दादर में किधर?” टॅक्सीवाल्याने विचारलं.

काकांनी बाहेर बघितलं. “टीटी सर्कलला सोडा कुठेही.”

“मित्राचा पत्ता सांगा ना,” मी म्हटलं.

“त्याचा फोन लागत नाहीये. पण असेल तो.”

“कधीपासून लागत नाहीये?”

त्यांनी काच खाली केली. लॉज सगळे बंद होते, नव्या भाडेकरूला कोणी दारात उभं करत नव्हतं. मला भयंकर राग आला. त्यांचा, त्या इंदूरच्या सलोनीचा, माझा, सगळ्यांचा. एवढ्या वर्षांनी एकदा माझ्या हातात माझ्या घराची चावी आली होती, आणि हा माणूस मला ती सुखाने धरूही देत नव्हता. देवाने कोणाला मोकळं केलं आणि कोणाला अडकवलं, मला काही कळेना.

“भोईवाडा लो, भैया,” मी म्हटलं.

“अगं, पण...”

“आतली खोली आहे. बाकीचं नंतर बघू. आम्ही पाच माणसं म्हणजे काही गर्दी नाही, आम्ही लालबागचे आहोत.”

टॅक्सीवाल्याने आरशात बघून विचारलं, पक्का ना? मी पक्का म्हटलं. मला स्वतःला काहीच पक्कं वाटत नव्हतं. दौलत काय म्हणेल, किती दिवस, बाथरूमला सकाळी आधी कोण, सगळं डोक्यात एकदम घुसलं होतं.

जिना चढून वर आलो. चावी कुलपात घातली, फिरेना.

“थोडी वर उचलून फिरवा,” काका मागून म्हणाले.

दार उघडलं. मी आत गेले, खिडकी उघडली, पंखा लावला. वळून बघते तर काका बाहेरच. दोन्ही बॅगा हातात, पायपुसण्याच्या पलीकडे उभे.

“आत येऊ का?” त्यांनी विचारलं.

मी खेकसले, “विचारताय काय? या!” आणि मला रडू फुटलं.

ते आले. पायपुसण्यावर पाय पुसून, चपला बाजूला नीट काढून, पाहुणा येतो तसे. बॅगा भिंतीशी ठेवल्या आणि हॉलच्या मधोमध उभे राहिले. त्यांची खुर्ची त्यांच्या शेजारीच होती. ते बसेनात. शेवटी बसा म्हणून मला सांगावं लागलं.